रस्ता गावापर्यंत; वस्तीचे काय?

सातारा व सांगली हे जिल्हे रस्त्यांच्या बाबतीत दरिद्री आहेत, असे कोणी म्हणणार नाही. पुणे-बंगलोर महामार्ग शिरवळला साताऱ्याच्या हद्दीत शिरतो आणि कऱ्हाडवरून कासेगाव, पेठ ओलांडून कोल्हापूरकडे जातो. पुणे-मिरज लोहमार्ग याच टापूतून धावतो. उसाच्या गाड्यांसाठी शिवाराशिवारांतून वाटा पक्क्या झाल्या आहेत. १९६० च्या नोव्हेंबरपर्यंत सांगली जिल्ह्याचे नाव दक्षिण सातारा असे होते. हे दोन्ही जिल्हे मिळून महाराष्ट्राच्या राजकारणाचे माहेरघर ठरले. यशवंतराव चव्हाण येथले, वसंतदादा पाटीलही येथलेच. अशा मुलखातील रस्त्यांची तक्रार आम्ही या पानावर का मांडावी, असा प्रश्न वाचकांच्या मनात आल्यास तो रास्त आहे.

आमची तक्रार रस्ते किती झाले याविषयी नाही. ते कोठे येऊन थांबतात, आणि तेथेच थांबावेत हे कोण ठरवितो, याविषयी आहे.

या प्रश्नाचा इतिहास साताऱ्यातच सुरू होतो. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमराव हा मुलगा साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झाला. त्याचे वडील सुभेदार रामजी हे खटाव तालुक्यातील गोरेगाव येथे दुष्काळग्रस्तांसाठी निघालेल्या तलावाच्या कामावर खजिनदार होते. १९०१ च्या सुटीत थोरला बंधू व बहिणीची मुले यांच्यासह भीमराव वडिलांकडे निघाला. साताऱ्यापासून स्टेशन दहा मैल दूर. तेथपर्यंत टांगा मिळाला. आगगाडीने मसूरपर्यंत नेले. नवे कपडे घातलेली ही मुले कोणाची, म्हणून स्टेशनमास्तरांनी आपुलकीने चौकशी केली आणि ती महारांची आहेत हे कळताच त्यांचा चेहरा पालटला. स्टेशनाबाहेर बैलगाड्या उभ्या होत्या. जादा भाडे देऊ केले तरी एकही गाडीवान तयार होईना. शेवटी दुप्पट भाड्यावर तोड निघाली. गाडी मुलांनी हाकायची आणि गाडीवानाने बरोबर पायी चालायचे. रात्रभर त्या मुलांना पिण्याचे पाणी मिळाले नाही, जकातनाक्यावरही मिळाले नाही. दुसऱ्या दिवशी सुमारे अकरा वाजता ती गोरेगावला पोचली.

हा प्रसंग आपल्या लोकांना पाठ आहे. बहुधा तो पाण्याच्या प्रश्नाचा दाखला म्हणून सांगितला जातो. आम्ही तो येथे वाहतुकीचा दाखला म्हणून देतो. त्या दिवशी आगगाडी होती, रस्ता होता, गाडी होती, बैल होते, भाड्याचे पैसेही होते. दळणवळणाच्या कोणत्याही आराखड्यात मसूर-गोरेगाव हा मार्ग सोयीचा म्हणूनच दाखविला गेला असता. १९२९ साली चाळीसगावी हाच अनुभव पुन्हा आला. बॅरिस्टर आणि सरकारी समितीचे सभासद असलेल्या डॉ. बाबासाहेबांना नेण्यास टांगेवाले राजी होईनात. आपल्या पाहुण्याने पायी चालावे हे तेथील महार मंडळींना सहन होईना, म्हणून टांगा भाड्याने घेऊन तो हाकण्याची सवय नसलेल्या आपल्यातल्याच माणसाला त्यांनी गाडीवर बसविले. पुलावर टांगा उलटला आणि बाबासाहेबांचा पाय मोडला. अठ्ठावीस वर्षांत मुलाचा विद्वान झाला होता. गाडीवान मात्र होता तेथेच होता.

तो गाडीवान पुढे हटला, तो कोणाच्या हृदयपरिवर्तनाने नव्हे. १ जून १९४८ रोजी सरकारी मालकीची पहिली एस.टी. गाडी पुण्याहून अहमदनगरला गेली, आणि तेव्हापासून खेड्यातील प्रवास हा गाडीवानाच्या मर्जीचा विषय राहिला नाही. तिकीट काढील त्याला जागा, हा नियम लहान दिसतो. परंतु ज्यांच्या आजोबांनी गाडीमागून धूळ खात चालण्यात जन्म घालविला त्यांना त्याची किंमत विचारावी. पाटलाच्या शेजारच्या बाकावर महाराचा मुलगा बसला, आणि वाहकाने दोघांना एकाच पेटीतून तिकीट फाडून दिले. घटनेच्या १५ व्या कलमाने सार्वजनिक रस्त्यांवरील मज्जाव मोडला, १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली, १९५५ च्या कायद्याने शिक्षा ठरविली. हे तिन्ही खेड्यात जर कोठे रोज दिसले असेल तर ते एस.टी.च्या गाडीत. २०२१-२२ च्या संपात गाड्या महिनोन्महिने बंद पडल्या, तेव्हा स्वतःचे वाहन नसलेल्या कुटुंबांचे काय झाले हे ज्यांनी पाहिले, ते या सेवेला तोट्याचा धंदा म्हणण्याआधी दोनदा विचार करतील.

परंतु गाडी रस्ता असेल तेथवरच येते. रस्ता संपला की १९०१ साल पुन्हा सुरू होते.

आपली जुनी वस्ती गावात नसते, हे सांगण्याची गरज नाही. ती ओढ्यापलीकडे असते, गावठाणाच्या खालच्या अंगाला असते. ती तेथे का आहे हेही सर्वांना ठाऊक आहे. रस्ता येतो तो गावठाणात, चावडीपर्यंत किंवा देवळापर्यंत, आणि दप्तरात त्या गावापुढे ‘जोडलेले’ असा शेरा पडतो. २५ डिसेंबर २००० रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान ग्रामसडक योजनेने गावाऐवजी वस्ती हा घटक धरला, ही मोठी सुधारणा होती आणि तिचे श्रेय दिलेच पाहिजे. सपाट मुलखात पाचशे आणि डोंगरी मुलखात अडीचशे लोकवस्तीची अट तिने घातली. मात्र तिच्याच नियमांत असेही आहे की, बारमाही रस्त्यापासून किंवा जोडलेल्या वस्तीपासून पाचशे मीटरच्या आतील वस्ती जोडलेलीच समजावी. डोंगरात हे अंतर चालवाटेने दीड किलोमीटर. अभियंत्याच्या दृष्टीने पाचशे मीटर म्हणजे काहीच नाही. पण आमच्या वस्त्या गावापासून किती अंतरावर वसविल्या गेल्या? विटाळ होणार नाही इतक्या दूर आणि हाक मारताच कामाला येता येईल इतक्या जवळ. ते अंतर बहुतेक ठिकाणी या पाचशे मीटरच्या आतच भरते. शिवाशिवीने आखलेले अंतर आणि नियमाने माफ केलेले अंतर हे असे एकमेकांवर तंतोतंत बसले आहे. नियम करणाऱ्यांच्या मनात तसे नसेल. आम्ही तसा आरोप करीत नाही. परिणाम मात्र तोच आहे.

४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत मसुदा मांडताना बाबासाहेबांनी खेडे हा राज्यघटनेचा घटक मानण्यास नकार दिला आणि व्यक्ती हा घटक ठरल्याबद्दल समाधान व्यक्त केले. त्या भाषणावर त्या काळी बरीच नाराजी झाली. रस्त्यांच्या आराखड्याकडे पाहिले म्हणजे त्यांचे म्हणणे किती व्यवहाराचे होते हे ध्यानी येते. गाव हा घटक धरला की गावातील बलिष्ठांच्या दारापर्यंत पोचलेली सोय साऱ्या गावाला पोचली असे कागदावर ठरते, आणि मग तक्रार करणाराच गावाच्या वाईटावर आहे असेही ठरते.

यात एक गोष्ट अशी आहे की तिचा विचार करताना मनस्ताप होतो. या दोन जिल्ह्यांतील वाटा कोणाच्या पायांनी तुडविल्या? महारकी वतनात गावाचा महार सरकारचे कागद या गावाहून त्या गावी पोचवी, वसुलाच्या पैशाबरोबर चाले, अंमलदाराचे सामान वाही, शिवेच्या तंट्यात हद्द दाखवी. शिवारातील एकूण एक वाट ज्याला ठाऊक होती त्याच्या दाराला वाट नव्हती. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात वतन दुरुस्तीचे बिल आणले. प्रत्यक्षात कनिष्ठ गावकामगार वतने १ ऑगस्ट १९५९ पासून रद्द झाली. मधल्या काळात, १९५६ च्या दीक्षेनंतर, आपल्या लोकांनी गावोगाव ही राबणूक स्वतःहून टाकली होती आणि त्याबद्दल बहिष्कारही सोसला होता. पुढे १९७२ चा दुष्काळ आला. माण, खटाव, जत, आटपाडी या भागांत रस्त्यांच्या कामांवर खडी फोडायला भूमिहीनच मोठ्या संख्येने होते. ज्या रोजगार हमीचा पहिला प्रयोग तासगाव तालुक्यातील विसापुरात वि. स. पागे यांनी केला, तिचा कायदा १९७७ साली झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. त्या योजनेने पोट भरले, हे कृतज्ञतेने सांगितले पाहिजे. पण खडी फोडणाऱ्याने जो रस्ता केला तो गावाचा झाला, आणि संध्याकाळी तो चिखल तुडवीत घरी गेला.

आता अंमलदारांकडे येऊ. रस्ता मुंबईत मंजूर होतो असे लोक समजतात. मोठ्या रस्त्याचे तसे असेल. वस्तीच्या रस्त्याचे भवितव्य तालुक्यातच ठरते. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आल्या आणि इतर जिल्हा मार्ग व ग्रामीण मार्ग त्यांच्याकडे गेले. राज्यमार्ग व प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम खात्याकडे राहिले. ज्या रस्त्याला या यादीत क्रमांक आहे त्यालाच पैसा मिळतो. क्रमांक नसलेला रस्ता योजनाबाह्य. तो जमिनीवर असला, शंभर वर्षे माणसे त्यावरून चालत असली, तरी दप्तराच्या लेखी नाही. वस्तीच्या वाटेला क्रमांक मिळावा म्हणून ग्रामपंचायतीने ठराव करावा लागतो, शाखा अभियंत्याने पाहणी करावी लागते आणि प्रस्ताव पंचायत समितीतून जिल्ह्याला जावा लागतो. यातील कोणत्याही पायरीवर कोणी नकार देत नाही. कागद ‘अभिप्रायार्थ’ जातो, आणि अभिप्राय येत नाही.

तलाठी हा दुसरा महत्त्वाचा अंमलदार. त्याचे पदनाम आता बदलले आहे. दप्तर तेच आहे. त्या दप्तरातील गावनकाशात एकेरी तुटक रेषेने पायवाट आणि दुहेरी तुटक रेषेने गाडीवाट दाखविलेली असते. पायवाटेची रुंदी ८.२५ फूट आणि गाडीवाटेची १६.५ ते २१ फूट धरण्याचा प्रघात आहे. ज्याची जमीन त्या वाटेला लागून आहे तो काय करतो हे शेतकरी वाचकांना सांगायला नको. दरवर्षी नांगराचे एक तास आत जाते. बांध कोरला जातो. दहा वर्षांनी त्या वाटेवरून बैलगाडी जात नाही, वीस वर्षांनी आजाऱ्याची बाज चौघांना खांद्यावर धड नेता येत नाही, आणि मयताच्या वेळी तर जे प्रसंग उद्भवतात ते लिहवत नाहीत. कोणत्याही एका वर्षी गुन्हा झाला असे दाखविता येत नाही. तलाठ्याने नकाशा घेऊन वर्षातून एकदा त्या वाटेवरून चालत जाणे एवढाच यावर उपाय होता.

कायद्याने मार्ग मोकळा करून घ्यावा म्हटले तर तेथेही एक मेख आहे. १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्याखाली वाटेवरील अडथळा दूर करण्याचा अधिकार तहसीलदारास आहे, परंतु अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा आणला पाहिजे आणि त्यातील संरक्षण मुख्यतः शेतीकडे जाणाऱ्या वाटेस आहे. १९६६ च्या जमीन महसूल संहितेचे १४३ वे कलम तर जमीनधारकाला शेजाऱ्याच्या बांधावरून आपल्या शेतात जाण्याचा हक्क देते. ज्याला शेत आहे त्याला वाट आहे. ज्याला नुसते घर आहे त्याने काय करावे? २०२१ साली शेत व पाणंद रस्त्यांसाठी मातोश्रींच्या नावाची योजना आली. २०२५ साली शेतरस्त्यांची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कांत घेण्याचे शासनाने ठरविले. हे निर्णय चांगले आहेत. शेतात माल आणणारी गाडी जावी याबद्दल आमचे दुमत नाही. पण ज्या शासनाला उसाच्या मोळीची वाट सातबाऱ्यावर चढविता येते, त्याला बाळंतिणीची वाट चढविता येऊ नये, हे आम्हांस पटत नाही.

भूमिहीनास आधार आहे तो १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याच्या ५३ व्या कलमाचा. सार्वजनिक रस्त्यावरील अडथळा व अतिक्रमण काढण्याचा अधिकार त्याने पंचायतीस दिला आहे, आणि पंचायतीने कसूर केल्यास कलेक्टरला हस्तक्षेप करता येतो. हा अधिकार मेलेला नाही. २०२३ साली मिरज तालुक्यातील बेडग येथे बाबासाहेबांच्या नावाची स्वागतकमान पंचायतीच्या कारवाईत पाडण्यात आली, आणि त्याच्या निषेधार्थ तेथील आपली कुटुंबे घरेदारे सोडून मुंबईच्या दिशेने पायी निघाली. त्या कमानीच्या परवानगीच्या वादात आम्ही येथे शिरत नाही. आम्हांस दिसले ते इतकेच की, मनात आणले तर पंचायतीचा हात रस्त्यापर्यंत पोचतो. तोच हात वस्तीची वाट गिळणाऱ्या कुंपणापर्यंत का पोचत नाही, याचा खुलासा आजवर कोणी केलेला नाही. परंपरागत वाट अडविणे हा अनुसूचित जातींच्या बाबतीत १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा होऊ शकतो, हेही अंमलदारांना ठाऊक असावे. नसल्यास त्यांनी माहीत करून घ्यावे.

सरकार म्हणेल, आम्ही वस्त्यांसाठी स्वतंत्र योजना चालविली आहे. खरे आहे. दलित वस्ती सुधारणेची योजना १९७४ पासून आहे. तिचे नाव आता ‘अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या वस्त्यांचा विकास’ असे आहे आणि ती जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण खात्यामार्फत चालते. तिच्यातून गटारे झाली, दिवे आले, अंतर्गत रस्तेही झाले. म्हणूनच आज असे दृश्य दुर्मिळ नाही की वस्तीच्या आत काँक्रीट आहे, गावात डांबर आहे, आणि दोहोंमध्ये दोनतीनशे पावले चिखल आहे. वस्ती समाजकल्याणाची, गाव बांधकामाचे; मधला ओढा कोणाचाच नाही. २०२० च्या डिसेंबरात वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय झाला आणि महारवाड्याचे समतानगर, भीमनगर झाले. त्या निर्णयाचे आम्ही स्वागत केले पाहिजे. पाटी रंगविण्याइतके साकव बांधणे सोपे नाही, हेही कबूल.

लोकसंख्येच्या अटीने केवळ आमचेच नुकसान होते असे नाही. कोयनेच्या शिवसागर जलाशयापलीकडील कांदाटी खोऱ्यात, पाटण व जावळीच्या डोंगरांत, धरणाने ज्यांच्या जुन्या वाटा बुडविल्या त्या वाड्यांत सर्व जातींची माणसे लाँचची वाट पाहत आणि आजारी माणसाला झोळीतून नेत आली आहेत. २०२४ साली मंजूर झालेल्या ग्रामसडक योजनेच्या चौथ्या टप्प्यातही आधार २०११ च्या जनगणनेचा आहे. थोडी माणसे म्हणजे थोडा हक्क, हे गणित डोंगरातील कुणब्यालाही तितकेच जाचते. त्याने आणि आपण एका अर्जावर सही करण्यास हरकत नसावी.

खाजगी जमिनीची सबब मात्र गंभीर आहे व ती टाळून चालणार नाही. मधली पट्टी कोणाच्या तरी मालकीची असते. मालक भल्या मनाचा असला तर तोंडी संमती देतो, मुरूम पडतो, आणि त्याच्या पश्चात वाटणी झाली की मुलगा काटे टाकतो. सबब तोंडी संमतीवर एक रुपयाचेही काम होऊ देऊ नये. लेखी नोंदविलेले बक्षीसपत्र, नाही तर रीतसर भूसंपादन व योग्य मोबदला. तिसरा मार्ग नाही. मोबदला मागणाऱ्या शेतकऱ्याला जातीयवादी म्हणण्याची घाई आपल्या कार्यकर्त्यांनी करू नये.

आणि आपल्या लोकांनाही एक गोष्ट सांगितली पाहिजे, ती कडू लागली तरी. आमदार वस्तीत आले म्हणजे आपण सभामंडप मागतो, कमान मागतो, पुतळ्याभोवती कठडा मागतो. ते मागू नये असे आम्ही म्हणत नाही. पण त्याच सभेत वस्तीच्या वाटेची लांबी किती, ती कोणत्या गटांतून जाते आणि तिला क्रमांक आहे की नाही, असे विचारले तर उत्तर देणारा सापडत नाही. ७३ व्या घटनादुरुस्तीने आपले सरपंच झाले, सदस्य झाले, भगिनीही खुर्चीवर बसल्या. त्यांच्या हातून ठराव लिहून घेण्याचे काम आपले आहे. एस.टी.त विद्यार्थिनींना सवलतीचा पास आहे, २०२३ पासून स्त्रियांना निम्मे भाडे आहे. थांब्यापर्यंत कोरड्या पायांनी जाता आले तर या सवलतींचा उपयोग.

२६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवसांच्या ग्रामसभांत प्रत्येक वस्तीने एक लेखी अर्ज द्यावा. सोबत तलाठ्याकडील गावनकाशाची नक्कल जोडावी. तिच्यावर वस्तीची वाट लाल शाईने दाखवावी. वाट ज्या गटांतून जाते ते गट क्रमांक, साखळी धरून मोजलेली लांबी, सर्वांत अरुंद जागेची रुंदी, आणि ओढ्याला पाणी असते ते महिने लिहावेत. मागण्या दोनच कराव्यात: जिल्हा परिषदेच्या यादीत या वाटेस ग्रामीण मार्ग म्हणून क्रमांक मिळावा, आणि ५३ व्या कलमाखाली अडथळे काढावेत. अर्जाची एक प्रत गटविकास अधिकाऱ्यांस, एक तहसीलदारांस आणि एक कार्यकारी अभियंत्यांस द्यावी. तिन्ही ठिकाणी तारखेचा शिक्का असलेली पोच घ्यावी, आणि ठराव इतिवृत्तात लिहिला गेला हे पाहिल्यावाचून सभेतून उठू नये. पोचेच्या नकला आमच्याकडे पाठविल्यास कोणत्या तालुक्यात कोणता कागद किती दिवस पडून आहे, याची यादी आम्ही अंकाअंकातून छापू.